रिफंड तुमचा, रिव्ह्यू पुढच्याचा

समजा, तुम्ही चारशे रुपयांचे इअरफोन मागवलेत. आठ दिवसांत एका बाजूचा आवाज गेला. वैतागून तुम्ही अ‍ॅपवर गेलात, एक स्टार ठोकलात आणि खाली दोन ओळी लिहिल्यात. दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप येतं, ‘सर, प्लीज रिव्ह्यू डिलीट कर दीजिए, पूरा पैसा वापस कर देंगे.’ तुम्ही उत्तर देत नाही. मग फोन. मग पुन्हा फोन. मग ‘मेरी नौकरी चली जाएगी’. आणि तरीही तुम्ही ढिम्म राहिलात, तर शेवटी सूर बदलतो, ‘आपका अ‍ॅड्रेस है हमारे पास.’

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर सहज विचारून बघा. यातला एखादा तरी टप्पा ओळखीचा आहे, असं सांगणारं कुणीतरी नक्की भेटेल. त्यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रिव्ह्यू काढून टाकणं. चारशे रुपये परत मिळाले, कटकट संपली, विषय क्लोज! एवढ्याशा गोष्टीसाठी डोक्याला ताप कोण करून घेणार? सेलर खूश, आपणही खूश, मग नुकसान कुणाचं झालं?

नुकसान झालंय. फक्त ज्याचं झालंय तो त्या चॅटमध्ये नाही. तो उद्या रात्री अकरा वाजता तेच इअरफोन बघत बसणार आहे, आणि तुमच्या दोन ओळी त्याला दिसणार नाहीत.

खोटा एकही नाही, तरी सगळं खोटं

थोडं गणित करू. एका वस्तूचे शंभर ग्राहक आहेत. ऐंशी जणांनी पाच स्टार दिले, वीस जणांची वस्तू खराब निघाली म्हणून त्यांनी एक स्टार दिला. सरासरी येते ४.२. आता सेलरने त्या वीस जणांना फोन करून, पैसे देऊन, विनवण्या करून त्यातल्या पंधरा जणांचे रिव्ह्यू काढून घेतले. उरले पंच्याऐंशी. सरासरी झाली जवळपास ४.८.

गंमत बघा. या पंच्याऐंशींतला एकही रिव्ह्यू खोटा नाही. कुणी पैसे घेऊन कौतुक लिहिलेलं नाही, कुठला बॉट नाही. तरीही पानावर दिसणारा आकडा खोटा आहे. दर पाच जणांत एकाची वस्तू खराब निघते, ही सगळ्यात कामाची माहितीच तिथून गायब झालीये. बनावट रिव्ह्यू ओळखायला आपण थोडेफार शिकलोय. एकसारखी भाषा, एकाच दिवशी आलेले वीस रिव्ह्यू, ‘नाइस प्रॉडक्ट’ची रांग, हे सगळं डोळ्यांना दिसतं. पण जो रिव्ह्यू काढून टाकला गेला, तो ओळखायचा कसा?

म्हणून मला वाटतं, की रिफंड आणि रिव्ह्यू या दोन गोष्टींचा सौदा होऊच शकत नाही. त्या वेगवेगळ्या खात्यांतल्या आहेत. रिफंड तुमचा आहे. रिव्ह्यू तुम्ही लिहिलेला असला, तरी तो पुढच्या ग्राहकाच्या उपयोगाचा आहे. जे आपलं एकट्याचं नाही, ते विकायचं कसं?

उपकार नव्हे, हक्क

हा सौदा चालतो, कारण सेलर पैसे परत देताना मोठेपणा केल्याचा आव आणतो. ‘आम्ही तुम्हाला फुल रिफंड देतोय, तुम्ही एवढं करा.’ आपल्यालाही ते बरोबर वाटतं. समोरचा चांगला वागतोय, आपण कशाला ताणायचं?

पण कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित व्यापार प्रथा’ कशाला म्हणायचं याची यादी आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं, हे त्या यादीत आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. म्हणजे खराब वस्तूचे पैसे परत मिळणं ही तुम्हाला दिलेली सवलत नाही. ते पैसे तसेही तुमचेच आहेत. तुमचेच पैसे तुम्हाला देऊन त्या बदल्यात तुमचं तोंड बंद करायचं, असा हा मामला आहे.

त्याच यादीत आणखी एक गोष्ट आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याला धरून नसताना दुसऱ्याला देणं, हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे. ‘तुमचा नंबर ग्रुपवर टाकतो’, ‘तुमचा फोटो आणि पत्ता स्टोरीला लावून फ्रॉड कस्टमर म्हणून टाकतो’ असं कुणी म्हणालं, तर हे लक्षात ठेवा. कुरिअर घरी पोहोचावं म्हणून तुम्ही पत्ता दिलाय, धमकीसाठी नाही.

दबावाची तीन रूपं

पहिलं रूप आमिषाचं. बॉक्समध्ये एक चकचकीत कार्ड निघतं. ‘पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, शंभर रुपये कॅशबॅक मिळवा.’ पाठवायला व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिलेला. तुम्ही पाठवलात की तुमचा नंबर त्यांच्याकडे गेला, आणि तुमचं मत शंभर रुपयांना गेलं. मोठ्या संकेतस्थळांवर हे चालत नाही. उदाहरणार्थ, अ‍ॅमेझॉनचे नियम सेलरला रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे द्यायला मनाई करतात आणि ग्राहकाला रिव्ह्यू बदलायला किंवा काढायला सांगायलाही मनाई करतात. म्हणूनच तर हे सगळं अ‍ॅपच्या बाहेर, व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं!

दुसरं रूप गयावयाचं, आणि हे सगळ्यात अवघड. विशेषतः इन्स्टाग्रामवर. तिथे समोर कंपनी नसते. घरून साड्या, ज्वेलरी, केक विकणारी एखादी ताई असते, जिला आपण ‘दी, लव्ह युअर कलेक्शन’ असं डीएम केलेलं असतं. ‘ताई, नवीनच सुरू केलंय हो, पोटावर पाय देऊ नका’ असं ती म्हणाली, की आपण विरघळतो. माणूस म्हणून ते बरंच आहे. पण विरघळून ओळी पुसण्यापेक्षा दुसरं काहीतरी करता येतं. त्याकडे येतेच.

तिसरं रूप धमकीचं. मानहानीची नोटीस पाठवतो, पोलिसांत देतो, घरी माणूस पाठवतो. नोटिशीची भीती वाटणं साहजिक आहे, पण जे घडलं तेच लिहिलं असेल तर घाबरून जायचं कारण नाही. भारतीय न्याय संहितेतल्या मानहानीच्या कलमालाच अपवाद आहेत. सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य, आणि सद्हेतूने दुसऱ्याला सावध करण्यासाठी सांगितलेली गोष्ट, हे त्यातले दोन. मात्र याचाच दुसरा अर्थ असा, की रिव्ह्यू लिहिताना तोल सांभाळायला हवा. ‘चोर आहेत, सगळे फ्रॉड’ असं लिहू नका. ‘५ तारखेला मिळाले, १३ तारखेला डाव्या बाजूचा आवाज बंद, तीनदा तक्रार केली, उत्तर नाही’ असं लिहा. शिवीपेक्षा तारीख जास्त लागते, आणि ती खोडून काढणंही कठीण.

सेलरचीही बाजू आहे

आता दुसऱ्या बाजूने बघू. आपल्यापैकी कितीतरी जण स्वतःच काही ना काही ऑनलाइन विकतात. ज्याच्या पानावर चारच पाच-स्टार रिव्ह्यू आहेत, त्याला एक स्टार मिळाला की सरासरी ५ वरून थेट ४.२ वर येते. हजार रिव्ह्यू असणाऱ्याला त्याच एका स्टारने काही फरक पडत नाही. छोट्या माणसाला एक स्टार फार महागात पडतो, हे खरंच आहे.

आणि आपणही काही कमी नाही. कुरिअरवाला उशिरा आला म्हणून कुर्त्याला एक स्टार. आकार न बघता मागवला आणि ‘खूपच लहान आहे’ म्हणून एक स्टार. ‘रिव्ह्यू टाकीन हां’ असं धमकावून डिस्काउंट उकळणारे ग्राहकही आहेत, आणि तोही दबावच आहे. रिव्ह्यू दुसऱ्यासाठी असतो हे मान्य केलं, की हे सगळं आपोआप बाद होतं. दोष नेमका कुणाचा, वस्तूचा की डिलिव्हरीचा, एवढं तरी आपण नीट सांगायला हवं.

मग सेलरने खरंच चूक दुरुस्त केली तर? बदलून वस्तू दिली, ती नीट चालतेय, बोलणंही चांगलं होतं. तेव्हा रिव्ह्यू पुसू नका, त्यात भर घाला. ‘पहिला पीस खराब निघाला. तक्रार केल्यावर चार दिवसांत बदलून मिळाला.’ स्टार वाढवावेसे वाटले तर स्वतःहून वाढवा. घरून धंदा करणाऱ्या त्या ताईला याचा फायदाच आहे. चुकलं तर ही बाई निस्तरते, हे कळणारा ग्राहक तिच्याकडे जास्त विश्वासाने येईल. आणि पुढच्या माणसाला खरी गोष्ट पूर्ण कळेल.

फोन आलाच तर

अ‍ॅपवरून खरेदी केली असेल तर बोलणं अ‍ॅपच्या चॅटमध्येच ठेवा. ‘जे काय असेल ते तिथे लिहा’ एवढं एक वाक्य पुरतं. रिफंड ज्या मार्गाने पैसे गेले त्याच मार्गाने मागा. रिफंडच्या नावाखाली क्यूआर कोड स्कॅन करायला, यूपीआय पिन टाकायला किंवा ओटीपी सांगायला कुणी म्हणालं, तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, कॉल लॉग, बॉक्समधलं कार्ड, सगळ्याचे स्क्रीनशॉट आणि फोटो काढा. ब्लॉक करायचं ते त्यानंतर.

मग त्या संकेतस्थळाकडे सेलरची तक्रार करा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार त्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. तिथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. सेलर सुरतचा असो की दिल्लीचा, तुम्ही परभणीत राहत असाल तर तक्रार परभणीतच करता येते. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला फी नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. धमकी खरी वाटत असेल, रात्री-अपरात्री फोन येत असतील, तुम्ही एकट्या राहत असाल, तर आधी घरच्यांना सांगा आणि पोलिसांकडे जा. त्या क्षणी रिव्ह्यू काढून टाकावासा वाटला तर काढा, त्यात कमीपणा काही नाही. चारशे रुपयांच्या इअरफोनसाठी कुणी जीव टांगणीला लावावा असं कुणीच म्हणणार नाही. पुरावे ठेवा, तक्रार मात्र करा.

नियमात एक ओळ कमी आहे

हे सगळं एकेका ग्राहकाच्या हिमतीवर सोडून चालणार नाही. २०२० च्या नियमांत सेलरने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहिण्यावर बंदी आहे. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, पण आलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. खोटं कौतुक लिहिण्यावर आपल्याकडे बंदी आली. खरी तक्रार पुसायला लावण्यावर मात्र या नियमांत तितकी थेट ओळ नाही.

अमेरिकेत ती ओळ आली, आणि तीही एका जोडप्याने माघार घेतली नाही म्हणून. युटा राज्यातल्या या जोडप्याने क्लिअरगिअर नावाच्या दुकानाकडून मागवलेल्या वस्तू आल्याच नाहीत, म्हणून टीका लिहिली. तीन वर्षांनी, २०१२ मध्ये, दुकानाने ती काढा नाहीतर ३,५०० डॉलर भरा असं कळवलं. आधार काय, तर आमच्याविरुद्ध लिहायचं नाही अशी अटींमधली एक ओळ. जोडपं कोर्टात गेलं आणि २०१४ मध्ये कोर्टाने त्यांना तीन लाख डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली. २०१६ मध्ये असल्या अटी रद्द ठरवणारा कायदा तिथे झाला. २०२४ पासून धमकावून रिव्ह्यू काढायला लावण्यावरही थेट बंदी आहे.

आपल्याकडेही हे व्हायला हवं. त्याबरोबर संकेतस्थळांनी एक साधी गोष्ट करावी. किती ग्राहकांनी आपला रिव्ह्यू नंतर काढून घेतला, हा आकडा वस्तूच्या पानावर दाखवावा. बाकी काही नको. शंभरातले पंधरा गायब झालेत हे दिसलं, की घ्यायचं की नाही ते आपलं आपण ठरवू.

तोपर्यंत एवढं करू या. काही मागवण्याआधी आपण सगळेच पाच स्टार सोडून थेट एक स्टारवाल्यांकडे जातो, कारण खरं काय ते तिथे कळतं. ते रिव्ह्यू लिहिणाऱ्यांपैकी काहींना नक्कीच फोन आले असतील, पैसे देऊ केले गेले असतील. तरी त्यांनी ते राहू दिले, म्हणून आपले चारशे रुपये वाचले. तुमची पाळी आली, की पैसे हक्काने परत घ्या. ओळी मात्र राहू द्या.