अंगण, भिंत आणि कागद

मकरसंक्रांतीस आमच्या सोलापुरांत श्रीसिद्धेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक ज्या वाटेनें जाते त्या वाटेवर आधींच रांगोळ्या घातलेल्या असतात. गांवच्या लेकीसुना तासन् तास ओणव्या होऊन त्या घालतात, आणि मिरवणूक पुढें सरकली कीं हजारों पावलांखालीं सारें पुसून जातें. त्याबद्दल कोणी हळहळत नाहीं. अमकी रांगोळी कोणी काढली, हें विचारण्याचाही प्रघात नाहीं. यंदां मात्र ती पांढरी धूळ पाहतांना माझें मन स्वस्थ राहिलें नाहीं, आणि त्याचें कारण मार्गशीर्षांत मुंबईस पाहिलेलें एक प्रदर्शन होय.

स्त्री-चित्रकारांचीं स्वतंत्र प्रदर्शनें अलीकडे मुंबई-पुण्यास वरचेवर भरतात. मार्चमधील महिलादिनाच्या सुमारास तर विशेष. मी मुलाकडे गेलों असतां जहांगीर कलादालनांत असेंच एक लागलें होतें. हें दालन १९५२ सालचें. आंत जाण्यास पैसा पडत नाहीं, तरी आमच्यासारखीं माणसें बहुधा दारावरूनच परततात. माझी धाकटी बहीण बरोबर होती, म्हणूनच मी आंत शिरलों.

चित्रकलेवर अधिकारवाणीनें बोलणें मला शोभणार नाहीं. माझी विद्या अमरकोश आणि रघुवंश यांची. परंतु त्या विद्येंतही चित्रें काढणाऱ्या स्त्रिया आहेत. भागवतांतील चित्रलेखेनें उषेसाठीं देव, गंधर्व आणि मनुष्य यांचीं चित्रें एकामागून एक काढलीं व अनिरुद्ध ओळखला गेला. हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेंत सागरिका उदयन राजाचें चित्र काढते, आणि तिची सखी सुसंगता त्याच्या शेजारीं खुद्द सागरिकेलाच रेखाटते. दोन्ही प्रसंग मीं वर्गांत कितीदां तरी शिकविले. नायकाची ओळख पटल्यावर पुढें त्या चित्रांचें काय झालें, हा प्रश्न मला कधीं पडला नाहीं, आणि कोणा विद्यार्थ्यानेंही विचारला नाहीं.

कलादालनांत प्रत्येक चित्राशेजारीं चित्रकर्तीचें नांव होतें. तीं नांवें वाचतांना मनांत आलें कीं आपल्याकडे हीं नांवें आरंभीं आलीं तीं कोणत्या घरांतून? अंबिका धुरंधर यांनीं १९३१ सालीं मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची पदविका मिळविली; वडील सुप्रसिद्ध चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर. अँजेला त्रिंदाद यांचे वडील गोव्याचे नामांकित चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद. अमृता शेरगिल यांस १९३७ सालीं ‘तीन मुली’ या चित्राबद्दल बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें. तें घर सुखवस्तु, वडिलांना छायाचित्रणाचा नाद. (त्यांचें एक चित्र २०२३ सालीं ६१ कोटी रुपयांवर विकलें गेलें, असें मुलानें सांगितलें, तेव्हां मीं त्याला आंकडा पुन्हां म्हणावयास लावला.) या बायांच्या गुणांस मी उणेपणा आणीत नाहीं, पण रंग, कागद आणि ‘काढ’ म्हणणारें माणूस त्यांस घरांतच लाभलें होतें. नागपूरजवळच्या बेला गांवीं जन्मलेल्या बी. प्रभा मात्र तशा घरच्या नव्हत्या. खेड्यांतल्या आणि कोळीवाड्यांतल्या बायांच्या उंच, शेलाट्या आकृति काढून त्यांनीं नांव मिळविलें, म्हणून त्यांचें मला अधिक कौतुक वाटतें.

कागदाचें महत्त्व एका मराठी माणसानें ओळखलें होतें. १९६६-६७ सालीं बिहारांत दुष्काळ पडला, त्या वेळीं चित्रकार भास्कर कुलकर्णी मिथिलेंत गेले आणि घरांच्या भिंती रंगविणाऱ्या बायांच्या हातीं त्यांनीं कागद दिला. भिंत सारवली कीं चित्र जातें. कागद राहतो, प्रवास करतो, विकला जातो, आणि त्यावर नांव घालतां येतें. पुढें जगदंबादेवींस १९७५ सालीं व सीतादेवींस १९८१ सालीं पद्मश्री मिळाली. त्याच कुलकर्णींनीं आपल्याकडील वारली पाड्यांतही कागद नेला. तेथें लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. पण कागदावर जगभर गाजलें तें नांव जिव्या सोमा मशे यांचें. मशे थोर कलावंत होते, यांत शंका नाहीं. तरी चौक लिहिणाऱ्या त्या सवाशिणी बहुतेक निनांवीच राहिल्या.

आतां माझ्या घरचें सांगतों. सन १९८१ मध्यें माझी ही बहीण चित्रकलेच्या सरकारी इंटरमीजिएट परीक्षेंत वरच्या श्रेणींत उत्तीर्ण झाली. तिचे चित्रकलेचे शिक्षक आमच्या ओटीवर येऊन म्हणाले, “हिला मुंबईस कलाशाळेंत धाडा.” वडील नव्हते, मला नुकतीच नोकरी लागली होती आणि संसार माझ्या माथीं होता. मीं उत्तर दिलें, “चित्रें काय, घरींही काढतां येतात.” शिक्षक चहा घेऊन निघून गेले. बहीण दाराआड उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं, आणि तिनें पुढें घरीं चित्रेंही काढलीं नाहींत. दारांत रांगोळी तेवढी काढीत असे.

त्या कलादालनांत ती एका चित्रापुढें बराच वेळ थांबली. फडताळांतलीं पितळी भांडीं, इतकाच विषय. मला वाटलें, हिला जुने दिवस आठवले असतील. ती म्हणाली, “दादा, चित्र फार चांगलें आहे, पण ह्या कळशीचा काठ बाईंना साधला नाहीं.” मीं जवळ जाऊन पाहिलें. काठ खरोखरच एका बाजूस कलला होता.

यात्रेनंतर मीं नव्या पेठेंतल्या दुकानांतून जाड ड्रॉइंग पेपर, जलरंग आणि तीन कुंचले घेतले. दुकानदारानें विचारलें, “नातीसाठीं का, मास्तर?” “बहिणीसाठीं,” असें म्हणतांना मी उगीचच ओशाळलों. तें सामान बार्शीस तिच्या घरीं धाडलें. महिनाभर कांहींच कळलें नाहीं. गेल्या आठवड्यांत भाचा येऊन एक गुंडाळी देऊन गेला. आंत कळशीचें चित्र आहे. काठ अगदीं गोल साधला आहे. आमच्या सौभाग्यवतींनीं दिवाणखान्यांतील कॅलेंडर काढून ती जागा त्याच्यासाठीं मोकळी केली आहे.

चित्राच्या उजव्या कोपऱ्यांत मात्र नांव नाहीं. माहेरचें घालूं कीं सासरचें, असें तिनें चिठ्ठींत विचारलें आहे. मीं अद्याप उत्तर लिहिलेलें नाहीं.