आठ काढला, पुढे काय?

अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलगा आरटीओच्या मैदानावर जातो आणि शंभर सीसीच्या गाडीवर, पाय न टेकता, चालण्याच्या वेगाने आठ काढतो. मग हातात कार्ड येते. त्या कार्डावर 'गिअरची मोटारसायकल' असा एकच वर्ग असतो. त्याच्या जोरावर तो दुसऱ्या दिवशी 97 सीसीची स्प्लेंडर चालवू शकतो आणि 1000 सीसीची गाडीही. कायद्याच्या लेखी दोन्ही सारख्याच. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात वयाची तेवढी एक पायरी आहे: सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, अठराव्या वर्षी बाकी सगळे. त्यानंतर थेट सपाट जमीन. त्यामुळे नवशिक्याने कोणती गाडी चालवावी हा प्रश्न आपल्याकडे शोरूममध्ये सुटतो. मुलगा दिसण्यावर भाळलेला असतो, वडील अॅव्हरेज आणि हप्ता विचारत असतात आणि विक्रेत्याला महिन्याचा आकडा गाठायचा असतो. तिघांपैकी कुणीही, या मुलाला आज काय झेपेल, हे विचारत नाही. माझे म्हणणे सरळ आहे. पहिली गाडी शिकण्याची गाडी म्हणूनच घ्यावी. ती हलकी असावी, 100 ते 125 सीसीची, फार तर साध्या बांधणीची 150. कायद्यात पायरी येत नाही तोवर ती पायरी घराने घालावी.

पायरी म्हणजे काय ते पाहायला पुण्याहून फार लांब जावे लागत नाही. चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या ड्यूक गाड्या तयार होतात. 2011 मध्ये युरोपच्या बाजारात गेलेली 125 ड्यूक इथलीच. तिची ताकद 11 किलोवॉट, म्हणजे सुमारे 15 अश्वशक्ती. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. युरोपात ए-1 नावाचे नवशिक्यांचे लायसन्स असते. त्यावर 125 सीसी आणि 11 किलोवॉट यांच्यापुढची गाडी चालवता येत नाही. पुढची पायरी ए-2, तिथे 35 किलोवॉटची मर्यादा. ए-2 वर दोन वर्षे काढल्यावरच मोठ्या गाडीची परवानगी मिळते, नाहीतर साधारण चोविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागते. ब्रिटनमध्ये याच पायऱ्या 17 आणि 19 या वयांपासून सुरू होतात. जपानमध्ये 400 सीसीच्या वर वेगळे लायसन्स लागते. आता आपल्याकडे पाहा. त्याच चाकणमधून भारतीय रस्त्यावर पहिली उतरली ती 200 ड्यूक, 2012 मध्ये. पाठोपाठ 390 आली. युरोपातल्या पोरांसाठी बनलेली 125 इथे मिळू लागली ती 2018 मध्ये. यात कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. तिकडच्या कायद्याने लहान गाडी मागितली, म्हणून ती बनली. आपल्या कायद्याने काहीच मागितले नाही.

आणि मागण्यासारखी परिस्थिती नाही असे कुणी म्हणू नये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसे गेली. त्यांतली 74,897 दुचाकीवरची होती, म्हणजे दर नऊ मृतांत चार. हेल्मेट नसल्यामुळे गेलेल्यांची संख्या 50,029 आणि त्यांतले 14 हजारांहून अधिक मागे बसलेले. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी 15 हजारांवर मृत्यू झाले. हे सगळे नवशिके होते असे नाही, समोरच्या ट्रकची किंवा खड्ड्याची चूकही त्यात आहेच. पण नवेपणाचा वाटा किती मोठा असतो, याचा एक जुना आणि भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. त्याचा अहवाल 1981 मध्ये आला. अपघातात सापडलेल्यांपैकी 92 टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. आणि निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेही झाले नव्हते, रस्त्यावरचा एकूण अनुभव मात्र जवळपास तीन वर्षांचा होता. 'आमचा मुलगा अकरावीपासून स्कूटर चालवतोय' असे सांगणाऱ्या प्रत्येक पालकाने हे वाक्य दोनदा वाचावे. रस्त्याचा सराव आणि गाडीचा सराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कूटरवर क्लच नसतो, गिअर पाडायचे नसतात, मागचा ब्रेक पायात नसतो. तीन वर्षांचा स्कूटरवाला ड्यूकवर बसला की पहिले काही महिने तो नवशिकाच असतो, फक्त त्याला तसे वाटत नसते.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. धोका दिसल्यापासून आदळेपर्यंत माणसाला दोन सेकंदही मिळत नाहीत आणि तेवढ्यात बहुतेक जण मागचा ब्रेक करकचून दाबतात, पुढच्याला नीट हात लावत नाहीत. आपल्याकडे तर 'पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील' हाच पहिला धडा असतो. तो धडा पूर्ण खोटा नाही. खडीवर, वळणात, झटक्याने पुढचा दाबला तर माणूस पडतो. पण ब्रेक लागताना गाडीचे आणि स्वाराचे वजन पुढे सरकते, पुढचा शॉकअप दबतो, पुढचा टायर रस्त्याला चेपून बसतो आणि मागचे चाक हलके होते. म्हणजे थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्याच चाकाला करावे लागते. ते करून घ्यायची रीत आहे: आधी दोन बोटांनी लिव्हरची ढिलाई काढायची, क्षणभर वजन पुढे येऊ द्यायचे आणि मग लिंबू पिळताना वाढवतो तसा दाब वाढवत न्यायचा. हे वाचून येत नाही. शंभर वेळा करावे लागते, त्यात पन्नास वेळा चुकते. प्रश्न एवढाच की या पन्नास चुका कोणत्या गाडीवर करायच्या? वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर लागणारे अंतर चौपट होते. साठच्या वेगाने जाणारी गाडी, आपण दचकून भानावर येण्याच्या एका सेकंदातच सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. जी गाडी सावकाश वेग पकडते ती तिच्या मालकाला चुकायला आणि सावरायला जागा देते. 97 सीसीच्या स्प्लेंडरची ताकद साधारण आठ अश्वशक्ती, वजन 112 किलो. 390 ड्यूकची ताकद 46, वजन 168. स्वाराचे वजन धरले तरी दर किलोमागे चौपटीहून जास्त ताकद. क्लच सोडताना हात जरा चुकला तर पहिली गाडी गचका देऊन बंद पडते. दुसरी पुढच्या रिक्षावर जाते.

अर्थात नुसते सीसी मोजून भागत नाही. क्लासिक 350 ला वीसच अश्वशक्ती आहे, ती अंगावर येणारी गाडी नाही. पण तिचे वजन 195 किलो. चढावर सिग्नलला थांबल्यावर, पावसात मुरमावर वळवताना, गर्दीच्या पार्किंगमधून मागे घेताना तिचा झोक एकदा ठरावीक कोनापलीकडे गेला की पंचावन्न किलोचा मुलगा तिला रोखू शकत नाही. शोरूममध्ये हे कळत नाही, कारण तिथे गाडी गुळगुळीत फरशीवर स्टँडला लावलेली असते. म्हणून ती स्टँडवरून काढायला लावावी. दोन्ही पायांचे तळवे पूर्ण टेकतात की नुसते चवडे, हे पाहावे. बसल्या जागी डावी-उजवीकडे झुकवून पाहावी, उतरून दहा पावले ढकलावी, मागे घ्यावी. एवढे करताना दम लागत असेल तर ती गाडी दोन वर्षांनी घ्यायची आहे.

धोका गाडीगणिक बदलतो हे सरकारला माहीत नाही असेही नाही. थर्ड पार्टी विम्याचा तक्ता काढून पाहा. 2022 च्या दरांनुसार नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा सक्तीचा हप्ता 75 ते 150 सीसीला 3,851 रुपये, 150 ते 350 ला 7,365 आणि 350 च्या वर 15,117. हा विमा दुसऱ्याला झालेल्या इजेच्या भरपाईचा आहे आणि त्याचे दर आजवरच्या दाव्यांचा हिशेब बघून ठरतात. करातही तीच रेघ आहे: सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत 18 टक्के जीएसटी, त्यापुढे 40. म्हणजे पैसे घेताना गाड्यांचे तीन-चार वर्ग पाडता येतात. लायसन्स देताना मात्र सगळ्यांची एकच मोट. शिवाय 28 वरून 18 टक्क्यांवर आलेल्या करामुळे 350 पर्यंतच्या गाड्या आता तरुणांच्या आणखी आवाक्यात आल्या आहेत. कर कमी करायला माझा विरोध नाही. पण त्यामुळे हा प्रश्न उद्यावर ढकलण्यासारखा राहिलेला नाही.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. सगळ्यात जास्त ऐकू येणारा म्हणजे, लहान गाडीला पिकअप नसते, हायवेला ट्रक ओलांडताना तीच धोकादायक ठरते. पहिल्या सहा महिन्यांत नवशिक्याने हायवेला ट्रक ओलांडूच नये, हे त्याचे उत्तर. मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी, अटल सेतू यांवर तर दुचाकीला बंदीच आहे. उरलेल्या रस्त्यांवर 125 सीसीची गाडी आरामात सत्तर-ऐंशीने जाते. दुसरा आक्षेप, वर्षात कंटाळा येईल, पैसे वाया जातील. उलट, शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला गावोगाव गिऱ्हाईक तयार असते, तिची किंमत सावकाश उतरते. सेकंडहँड घेतली तर नुकसान आणखी कमी. शिवाय शिकताना गाडी दोनदा आडवी पडणारच. तेव्हा इंडिकेटर आणि लिव्हर बदलायला किती खर्च येतो, यात दोन्ही गाड्यांमध्ये मोठा फरक असतो.

तिसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले आणि 125 पर्यंतच्या गाड्या सीबीएसवर ठेवल्या गेल्या. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो, पण चाक जाम होणे त्याने टळत नाही. एबीएसने टळते. मग आपण नवशिक्याला कमी सुरक्षित ब्रेकची गाडी घ्या असे सांगतोय का? ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांचे बरोबर आहे, आणि म्हणूनच मी दीडशेची सूट ठेवली आहे. काही 125 गाड्यांत एबीएस मिळते, ती मिळाली तर उत्तम. नाहीतर तेरा-चौदा अश्वशक्तीची, एकशेचाळीस किलोच्या आसपासची एबीएसवाली 150 घ्यावी. ताकद आणि वजन यांच्या प्रमाणात ती युरोपच्या पहिल्या पायरीच्या जवळच बसते. चौथा आक्षेप अभ्यासकांचा. युरोपातल्या पाच देशांतल्या 921 अपघातांच्या पाहणीत इंजिनाची क्षमता हे अपघाताचे कारण म्हणून ठळकपणे पुढे आले नाही. मान्य. पण ती पाहणी झाली तेव्हाही तिथे 21 वर्षांखालच्या नवशिक्यांना पहिली दोन वर्षे 25 किलोवॉटची मर्यादा होती. पायऱ्या चढून आलेल्यांमध्ये फरक दिसला नाही, म्हणून पायऱ्याच नसलेल्या देशात तो नसेल असे कसे म्हणायचे?

ज्या घरात एकच गाडी येते आणि ती दहा वर्षे दुधाचे कॅन, खताची गोणी आणि डबलसीट बायको-मुले वाहणार असते, तिथे हा वाद फारसा नाहीच. ते घर आपसूक लहान गाडी घेते. तिथे चणचण असते ती हेल्मेटची. गाडीसोबत आयएसआय हेल्मेट देणे नियमाने बंधनकारक आहे, पण मागे बसणाऱ्याचे दुसरे हेल्मेट कुणी मागत नाही. मोठ्या गाडीचे वाचलेले पैसे आधी त्यात घालावेत. आणि मुहूर्ताचाही विचार करावा. पाडव्याला घेतलेल्या गाडीपुढे दोन-तीन महिन्यांत पहिला पाऊस येतो, रस्त्यावरचे ऑइल वर येते आणि हात अजून बसलेला नसतो. दसऱ्याला घेतली तर आठ कोरडे महिने मिळतात. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात जाऊन तीसच्या वेगावरून वीस-वीसदा थांबण्याचा सराव करायला ते पुरतात.

कायद्यातली पायरी आणणे अवघड नाही. लायसन्सची नोंद 'सारथी'वर असते, गाडीची 'वाहन'वर. पहिली दोन वर्षे 11 किलोवॉट आणि त्यानंतर ब्रेक लावण्याची खरी परीक्षा, एवढे कार्डावर छापता येते. लोक म्हणतील, गाडी वडिलांच्या नावावर निघेल आणि चालवेल मुलगाच. बरोबर आहे. पण 2019 च्या दुरुस्तीने कलम 199 अ आले, तेव्हापासून अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाच्या हाती गाडी देणारा जबाबदार असतो, हे तत्त्व आपण आधीच स्वीकारले आहे. आज ती जबाबदारी अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री बाराला संपते. सकाळी तोच मुलगा, तेच हात, आणि 390 ची किल्ली द्यायला कसलीच आडकाठी नाही. ती जबाबदारी आणखी दोन वर्षे पुढे न्यावी, एवढेच मागणे आहे.