आधी आवाज, मग औषध

काष्टीच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी आधी दात बघतो, चालवून बघतो, मगच पैसे मोजतो. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलताना मात्र हेडसेट न तपासताच कानाला लावला जातो. मग डॉक्टर ऐकू येतात, पण रुग्णाचा आवाज तुटक पोहोचतो. आई 'सहा किलो' म्हणाली आणि 'दहा' ऐकले गेले, तर वजनावर ठरणारा पॅरासिटामॉलचा डोस चुकतो.

दोष अनेकदा साधा असतो. पिनेवर तीन आडव्या रेघा असतील तर माइकची सोय असते; दोनच असतील तर फक्त ऐकू येते. काही अडॅप्टरही माइकचा आवाज आत घेत नाहीत. पिन पूर्ण बसली का, फोनच्या खाचेत कचरा आहे का, ॲपला माइकची परवानगी आहे का, ब्लूटूथ बंद आहे का, ते पाहा. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. तरीही जमले नाही, तर हेडसेट काढून फोनवरच बोला.

माझ्या मते, नीट न ऐकता लिहिलेले औषध म्हणजे न तपासता दिलेले औषध. डॉक्टरांनी वजन आणि डोस पुन्हा वदवून घ्यावा; रुग्णानेही 'परत सांगा' म्हणायला लाजू नये.