भाजी नको? मग निदान रूप बदला!

चाळिशीतला माणूस ‘मला भाजी आवडत नाही’ म्हणाला की घरचे त्याला नखरेल ठरवतात. पण सगळा दोष लाडांचा नसतो. कडू चव ओळखणाऱ्या जनुकातील फरकामुळे काहींना कोबी, मुळा इतरांपेक्षा जास्त कडवट लागतो. अनेकांची तक्रार तर चवीची नसतेच. भेंडीचा चिकटपणा, वांग्याचा गिळगिळीतपणा नको असतो.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे-भाज्या सुचवते. त्यात बटाटा धरत नाहीत, आणि पंचाईत नेमकी इथेच होते! अशा वेळी ताटात भाजी वाढून धाक दाखवण्यापेक्षा तिचे रूप बदलणे सोपे. दुधी थालीपिठात किसावा, पालक वरणात घालावा, भेंडी कुरकुरीत परतावी. नव्या भाजीचा निकाल पहिल्याच घासाला लावू नये. लहान मुलांनाही ती आवडायला अनेकदा आठ-दहा वेळा चाखावी लागते.

व्यायामाचेही तसेच. आठवड्याला 150 मिनिटे, म्हणजे रोज जेमतेम 22 मिनिटे भरभर चालणे. त्यातली दहा मिनिटे रात्रीच्या जेवणानंतर चालल्यास रक्तातील साखर एकदम चढत नाही. जिमची वर्षाची फी त्यासाठी लागत नाही.