धूर तपासता, मग गाडीचा खालचा भाग का नाही?

खड्ड्यांवर पत्रं खूप येतात. त्या खड्ड्यांनी आपल्या घरच्या गाड्यांचं काय करून ठेवलं आहे, त्यावर मात्र कोणी बोलत नाही. 'रस्तेच तसे, शॉकअप जाणारच' म्हणून विषय तिथेच संपतो. तो संपू नये म्हणून हे पत्र.

मानोरा, मालेगाव, मंगरुळपीरच्या खेड्यांत गाडी ताशी वीसच्या वेगाने आदळत-आपटत जाते. तीच गाडी शेलूबाजार किंवा कारंजाला समृद्धी महामार्गावर चढली की १२० ने धावते. शॉकअप, बुश, बॉल जॉइंट झिजतात गावच्या रस्त्यावर. जीव धोक्यात येतो समृद्धीवर. वाशीम जिल्ह्याचं हे दुखणं मला सर्वांत गंभीर वाटतं.

आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे डांबर टिकलं तरी रस्त्याला लाटा येतात आणि खड्डा नसतानाही सस्पेन्शनला उसंत मिळत नाही. त्यात गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि गोलसर चढाचा हवा. गावोगाव दिसतात ते अरुंद, उभे उंचवटे. अपघात झाला की गावकरी ते टाकतात. त्यांची भीती खरी आहे, पण मापाचा गतिरोधक बांधून देणं हे बांधकाम खात्याचं काम आहे. भर म्हणून पोहरादेवीच्या यात्रेला सात आसनी गाडीत दहा माणसं, आणि हंगामात मागे सोयाबीनचे कट्टे.

माझ्या मेहुण्यांच्या गाडीचा पुढचा बॉल जॉइंट शेताच्या वाटेवर निखळला. चाक आडवं झालं, गाडी जागेवर बसली. वेग नव्हता म्हणून सगळे वाचले. गाडी खालून पाहून मिस्त्रींनी पहिला प्रश्न केला, "भाऊ, हा आवाज कवापासून येत व्हता?" आवाज बरेच महिने येत होता. शॉकअपला तेल सुटून त्यावर मातीचा ओला थर बसला होता, बुशचं रबर चिरलं होतं आणि टायर आतल्या कडेने तारेपर्यंत घासला होता. उभं राहून पाहिलं तर तोच टायर नवा दिसायचा.

ताशी १२० ला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. शॉकअप मेलेला असला की चाक रस्त्याला धरून राहत नाही, उसळत राहतं. ब्रेक दाबला तरी गाडी उशिरा थांबते, एकदम वळवली तर मागून झोल खाते. परिवहन विभागाने २०२३ मध्ये समृद्धीवर टायर तपासण्याची मोहीम घेतली, ते योग्यच झालं. पण टायर एकाच कडेने का घासला, हे कोणी विचारायचं?

कायद्यात इथेच मोठी फट आहे. टॅक्सीला, मालवाहू गाडीला ठरावीक मुदतीने फिटनेस लागतं. घरच्या गाडीला नोंदणीनंतर थेट १५ वर्षांनी. मधल्या काळात पीयूसीसाठी धूर तपासतात, गाडीखाली कोणी वाकत नाही. ब्रिटनमध्ये खासगी मोटारीची तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी तपासणी होते आणि तीत सस्पेन्शनही पाहतात. आपल्याकडे विमा कंपनीही झीज भरून देत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. निकाल मोलाचा आहे. पण तीन वर्षं खड्डे खाऊन सैल झालेलं चाक चौथ्या वर्षी गुळगुळीत रस्त्यावर निखळलं, तर खड्डा दाखवणार कुठला?

नवी तपासणी म्हणजे नवे एजंट आणि नवा खर्च, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. गाडी न बघता पीयूसी मिळतं अशी तक्रार आपण ऐकतोच. म्हणून सुरुवात कागदापासून नको. वाशीमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाने येत्या रस्ता सुरक्षा महिन्यात कारंजा आणि शेलूबाजारला विनामूल्य तपासणी शिबिरं घ्यावीत. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना सोबत घ्यावं, गाडी रॅम्पवर चढवून खालची बाजू मालकाला डोळ्यांनी दाखवावी. दंड नको, पावती नको. त्यातून जे दिसेल ते खासदारांनी दिल्लीत मांडावं आणि पाचव्या वर्षापासून खासगी गाडीचीही तपासणी सक्तीची व्हावी यासाठी आग्रह धरावा.

ज्यांच्या गाडीचा शॉकअप किंवा बॉल जॉइंट चांगले रस्ते आणि बेताचं ओझं असूनही लवकर जातो, त्यांनी गप्प बसू नये. सात वर्षांच्या आतल्या गाडीतल्या दोषाची तक्रार केंद्राच्या वाहन पोर्टलवर करता येते. आणि गाडी खालून खडखडत असेल किंवा एका बाजूला ओढत असेल, तर मिस्त्रींना दाखवल्याशिवाय मुलाबाळांना घेऊन समृद्धीवर चढू नका, ही सर्व वाचकांना कळकळीची विनंती.

— एक वाहनधारक, मंगरुळपीर (जि. वाशीम)