पानांसाठी जपावे असे ऑर्किड

ऑर्किड म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते फूल. सह्याद्रीत झाडाच्या फांदीवरून झुलणारी सीतेची वेणी असो किंवा पुष्पगुच्छातील जांभळे डेंड्रोबियम, कौतुक फुलाचेच होते. लुडिसिया डिस्कलर या ऑर्किडच्या बाबतीत मात्र सारे वैभव पानांत आहे. काळपट मरून रंगाची मखमली पाने आणि त्यांवर देठापासून टोकापर्यंत गेलेल्या तांबूस शिरा. तिरपा उजेड पडला की त्या शिरा जरीसारख्या लकाकतात. या गटाला ‘ज्वेल ऑर्किड’ हे नाव पडले ते उगाच नव्हे.

ही वनस्पती झाडावर वाढत नाही. ईशान्य भारतापासून व्हिएतनाम, इंडोनेशियापर्यंतच्या दमट जंगलांत, कुजलेल्या पाल्याच्या थरावर ती जमिनीलगत सरपटते. तिच्या संगोपनाचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात. इतर ऑर्किडांसाठी वापरले जाणारे कोळशाचे व विटांचे तुकडे तिला मानवत नाहीत. उथळ, पसरट कुंडीत कोकोपीट, पर्लाइट आणि चाळलेले पानखत यांचे भुसभुशीत मिश्रण भरावे. जागा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीजवळची असावी. थेट उन्हात पानांचा रंग विटतो, कडा करपतात.

खरी कसोटी पाण्याची. रोप दगावते ते बहुधा अतिप्रेमाने. याचे खोड मांसल व ठिसूळ असते. मिश्रण सतत चिंब राहिले की ते बुडाशी मऊ पडून कुजते. बोट घालून पाहावे आणि वरचा थर सुकू लागला की मगच पाणी द्यावे. पावसाळ्यात हे अंतर आपोआप वाढते. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. बोअरचे जड पाणी टाळावे; साठवलेले पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात बशीत खडे पसरून त्यांत थोडे पाणी ठेवावे आणि कुंडी त्या खड्यांवर, पाण्याला न टेकेल अशी ठेवावी. खत पातळ, सांगितलेल्या मात्रेच्या चतुर्थांश असले तरी पुरते.

हिरव्या पानांवर सोनेरी जाळी मिरवणारी मॅकोडेस पेटोला अधिक देखणी, पण अधिक नाजूक. तिला काचेच्या झाकणाच्या बरणीतील ओलावाच लागतो. नवख्यांनी लुडिसियापासूनच आरंभ करावा.

हिवाळ्यात लुडिसियाला पांढऱ्या, मध्यभागी पिवळसर फुलांचा तुरा येतो. पानांची शक्ती वाया जाते म्हणून काही हौशी मंडळी तो कळीतच खुडतात. रोप सशक्त असेल तर ही घाई अनाठायी आहे.

रोप विकत घेताना ते कोठून आले हे विचारावयास संकोच करू नये. याच गटातील अ‍ॅनेक्टोचिलस ही वनस्पती औषधासाठी चीन, तैवान व व्हिएतनामच्या जंगलांतून इतकी उपटली गेली की ती तेथे दुर्मीळ झाली. आज तिची ऊतिसंवर्धनाने लागवड होते. लुडिसियासाठी तर जंगलात जाण्याचे कारणच नाही. वाढून लोंबू लागलेल्या खोडाचा तीन-चार पेरांचा तुकडा स्वच्छ सुरीने कापावा, कापलेला भाग एक दिवस सुकू द्यावा आणि ओलसर मॉसवर आडवा ठेवावा. काही आठवड्यांत पेरांतून मुळे फुटतात, आणि शेजारच्या घरी द्यावयास दुसरी कुंडी तयार होते.