ग्रंथालयाचा जुना संगणक बंद पडण्याआधी
वाचक, विश्वस्त आणि गावाबाहेर राहणाऱ्या गावकऱ्यांना आवाहन

वाचकहो, ग्रंथपाल मित्रमैत्रिणींनो, ग्रंथालयांच्या विश्वस्तांनो,

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये दहा हजारांहून अधिक आहेत. त्यांतल्या कितीतरी ग्रंथालयांत देवघेवीच्या टेबलाखाली एक उभा, जड, जुना संगणक गुरगुरत असतो. दाखल नोंदवही, सभासदांची यादी, अनामत रकमा, वर्गणीचा हिशेब, अनुदानाचे प्रस्ताव, वार्षिक अहवाल असे सारे त्याच्या एकाच हार्ड डिस्कवर साठवलेले असते. दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. संगणक आला तेव्हा अनेक ठिकाणी कागदी नोंदवही लिहिणेही थांबले. म्हणजे तो डबा ज्या दिवशी सुरू होणार नाही, त्या दिवशी आपल्याकडे कोणती पुस्तके आहेत आणि ती कोणाच्या घरी आहेत, हे सांगणारे काहीच उरणार नाही.

माझी कळकळीची विनंती आहे की ती वेळ येऊ देऊ नका. या महिन्यात नोंदींची प्रत काढा आणि पुढच्या कार्यकारिणी सभेत जुन्या डब्याच्या जागी एक छोटा डेस्कटॉप घेण्याचा ठराव करा.

आत्ताच का?

पहिले कारण सुरक्षेचे आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरकर्त्यांना दिलेली मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. संस्थांना ती पैसे भरून घ्यावी लागते आणि तिचा दर दर वर्षी वाढतो. विंडोज ११ वर जावे म्हटले तर जुने यंत्र अडवते. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप असल्याशिवाय ते अधिकृतपणे बसत नाही. २०१७ च्या आधी घेतलेले जवळजवळ सगळे संगणक इथेच बाद होतात. काही ग्रंथालयांत तर अजून विंडोज ७ चालते, त्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला. अशा यंत्रावर आपण सभासदांचे पत्ते, मोबाइल क्रमांक आणि कधी कधी आधार कार्डांच्या प्रतीही ठेवतो. लोकांनी विश्वासाने दिलेली ही माहिती आहे.

दुसरे कारण यंत्राच्या वयाचे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, झिजतात आणि अनेकदा पूर्वसूचना न देता थांबतात. वीज वारंवार जाते-येते तिथे वीज पुरवणाऱ्या भागावर (एसएमपीएसवर) आणि मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांवर ताण येतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की यंत्र सुरू होताना भलतीच जुनी तारीख दाखवते. मग सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि कोणाच्या लक्षात आले नाही तर पुस्तक दिल्याची तारीखही चुकीची पडते. सेल थोडक्या पैशांत बदलता येतो, तो जरूर बदला. पण तारीख मागे जाणे, चालू व्हायला दहा मिनिटे लागणे, हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येणे ही लक्षणे एकत्र दिसू लागली, की यंत्राचे आयुष्य संपत आले असे समजा.

तिसरे कारण बाजारातले. २०२५ च्या अखेरीस संगणकाच्या मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी प्रचंड वाढली. ‘पुढच्या वर्षी स्वस्त होईल’ या आशेवर थांबण्याची ही वेळ नाही.

जुन्याच डब्यात एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली डिस्क, घालून लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकावी, असे काही जण सुचवतात. वाचन कक्षात विद्यार्थ्यांना माहिती शोधण्यासाठी तो उपाय चांगला आहे. पण त्याने कार्यप्रणाली नवी होते, मदरबोर्ड नवा होत नाही. ग्रंथालयाच्या नोंदी त्याच्या भरवशावर ठेवू नका.

छोटाच डेस्कटॉप का?

कार्यालयांसाठी बनवलेले लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो आणि एचपीचे मिनी हे संगणक साधारण अठरा सेंटिमीटर लांब-रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड असतात. एखाद्या जाड शब्दकोशाएवढाच आकार. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, बारकोड स्कॅनर सगळे आहे तेच राहते, बदलतो तो फक्त डबा. नव्या लॅपटॉपच्या तुलनेत खर्च बराच कमी येतो. शिवाय लॅपटॉपची बॅटरी काही वर्षांत फुगते, कीबोर्ड बिघडला तर दुरुस्ती महाग पडते, आणि तो टेबलावर एका जागी टिकत नाही.

विजेचा हिशेब करून पाहा. जुना उभा संगणक साध्या कामालाही साठ ते शंभर वॉट घेतो. छोटा डेस्कटॉप त्याच कामाला दहा ते वीस वॉट घेतो. साठ वॉटचा फरक धरला आणि ग्रंथालय सकाळ-संध्याकाळ मिळून सहा तास, वर्षातून तीनशे दिवस उघडे असले, तर वर्षाला १०८ युनिट वाचतात. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वीज गेल्यावर मिळणारा वेळ. नेहमीच्या छोट्या यूपीएसवर जुना संगणक आणि मॉनिटर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे तग धरतात, तीही बॅटरी नवी असेल तर. छोटा डेस्कटॉप आणि एलईडी मॉनिटर तासाभराच्या आसपास चालतात. लोडशेडिंगच्या गावात एवढ्या वेळात संध्याकाळची देवघेव पुरी होते.

पुराचाही विचार करा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी किती वेगाने चढले, हे आपण पाहिले. टेबलाखालचा डबा पहिल्या फूटभर पाण्यात जातो. छोटा डेस्कटॉप मॉनिटरच्या पाठीमागे पट्टीवर स्क्रूने बसवता येतो, आणि पाणी येण्याचा इशारा मिळाला तर पिशवीत घालून वरच्या मजल्यावर नेता येतो.

कोणता घ्यावा?

बहुतेक ग्रंथालयांसाठी माझी शिफारस अशी: मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेला, दुरुस्त करून हमीसह विकला जाणारा छोटा डेस्कटॉप. आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आय-३ अथवा आय-५, आठ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी. प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘टी’ असेल तर तो कमी विजेवर चालणारा. एवढ्यावर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय प्रणाली आरामात चालते. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० सालापासून जगभर मोफत मिळणारी ‘कोहा’ प्रणालीही त्यावर लिनक्समध्ये बसवता येते.

नवेच हवे असेल तर इंटेल एन-१०० प्रोसेसरचा मिनी संगणक पाहा. त्यातले काही पंख्याशिवाय चालतात, त्यामुळे धूळ कमी शिरते. वाचकांना फक्त पुस्तकांची सूची पाहता यावी एवढीच गरज असेल, तर रास्पबेरी पाय ५ किंवा कीबोर्डमध्येच संगणक असलेला रास्पबेरी पाय ४०० पुरतो. पण त्यावर ग्रंथालयाची नेहमीची विंडोज सॉफ्टवेअरे चालत नाहीत, आणि अचानक वीज गेली तर एसडी कार्डावरच्या फायली बिघडू शकतात. म्हणून देवघेवीच्या टेबलावर तो ठेवू नका.

पैसे देण्याआधी दुकानातच एवढे पाहून घ्या:

– जीएसटीचे पक्के बिल आणि लेखी हमी.
– बायोसमध्ये टीपीएम २.० सुरू आहे का. आधीच्या कंपनीचा पासवर्ड किंवा कुलूप शिल्लक नाही ना.
– विंडोज रीतसर परवान्याचे आहे ना. चोरीची प्रत फुकट दिली तरी नाकारा.
– अडॉप्टर त्याच कंपनीचा आणि योग्य वॉटचा आहे का.
– आपल्या मॉनिटरला जुनी निळी व्हीजीए वायर असेल तर सोबत कन्व्हर्टर घ्या. छोट्या संगणकांना बहुधा एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असते.
– जाड समांतर वायरीवर चालणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर आपले सॉफ्टवेअर यूएसबीच्या वायरीवरून त्यावर छापते का, हे करून पाहा.

आधी नोंदी, मग खरेदी

नवे यंत्र येईपर्यंत थांबू नका. आजच एक बाहेरची हार्ड डिस्क आणा आणि सगळे तिच्यावर उतरवा. दुसरी प्रत एखाद्या विश्वस्ताच्या घरी किंवा ऑनलाइन, पण ग्रंथालयाच्या इमारतीबाहेर हवी. फाइल नुसती उतरवून भागत नाही. ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, हेही पाहा.

इथे मराठी ग्रंथालयांची एक खास अडचण आहे. जुन्या याद्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या असतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर पुस्तकांची नावे निरर्थक अक्षरांची रांग दिसतात. म्हणून फाइलींबरोबर फॉन्टही उतरवा आणि सवड काढून यादी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लागत असेल तर तो कोणत्या खाचेत बसतो, हे खरेदीपूर्वी तपासा. शेवटी दाखल नोंदवहीची एक प्रत छापून, पाने शिवून कपाटात ठेवा.

जुना डबा भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवू नका. आधी हार्ड डिस्क काढून पूर्ण पुसा किंवा निकामी करा, त्यावर सभासदांची माहिती आहे. जाड काचेच्या जुन्या मॉनिटरमध्ये शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार हे सामान नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच गेले पाहिजे.

कोणी काय करावे

विश्वस्तहो, या खर्चाचा विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला घ्या. ग्रंथपालांनो, यंत्राची दुखणी लेखी कळवा. तोंडी सांगितलेले सभेच्या इतिवृत्तात येत नाही. सभासदांनो, पुढच्या वेळी पुस्तक बदलायला जाल तेव्हा ‘नोंदींची दुसरी प्रत आहे का?’ एवढे विचारा.

पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या गावकऱ्यांकडे माझे विशेष मागणे आहे. तुमच्या कंपनीत दर काही वर्षांनी चांगले चालणारे छोटे डेस्कटॉप बदलले जातात. ते देणगीदाखल किंवा रास्त किमतीत ग्रंथालयाला मिळतील का, याची चौकशी करा. गणपतीला, दिवाळीला गावी याल तेव्हा एक दुपार ग्रंथालयाला द्या. नोंदी हलवणे, फॉन्ट बदलणे आणि ग्रंथपालांना शिकवणे ही मदत पैशांइतकीच मोठी आहे.

रत्नागिरीत १८२८ साली, नाशिकमध्ये १८४० साली वाचनालय सुरू झाले. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. महाराष्ट्रातली ग्रंथालये लोकांच्या वर्गणीतून वाढली, आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतरही गावोगावच्या कार्यकर्त्यांनीच ती चालवली. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या या पुस्तकांची नोंद एका थकलेल्या हार्ड डिस्कवर सोडून देणे आपल्याला परवडणार नाही. या आठवड्यात प्रत काढा, पुढच्या सभेत ठराव करा, आणि खर्च कमी पडला तर मोकळेपणाने वर्गणी मागा. गावाने ग्रंथालयासाठी याआधीही हात सैल सोडला आहे, तो याही वेळी सोडेल.

आपला नम्र,
ग्रंथालय चळवळीतला एक कार्यकर्ता